काळी, पांढरी आणि चार भिंती

भुसावळहून नागपूरकडे जाताना नांदुरा गेलं की शेगावच्या अलीकडे जलंब लागतं. इथून खामगावचा लोहमार्ग फुटतो, जेमतेम 13 किलोमीटरचा. छोट्या गाडीत बसलो तेव्हा डब्यात शेगावहून गजानन महाराजांचं दर्शन घेऊन परतणाऱ्या बाया होत्या, कॉलेजची पोरं होती, भाजीची गाठोडी होती. खिडकीबाहेर वेचणी संपत आलेली पऱ्हाटी उभी होती. बोंडांत राहिलेला फरदडीचा कापूस सकाळच्या उन्हात चमकत होता.

खामगावला मी घरं पाहायला निघालो होतो. घर परवडत नाही ही तक्रार आपण मुंबई-पुण्याची समजतो. लहान गावात जागा स्वस्त, गवंडी ओळखीचा, तिथे माणूस कसंही करून घर उभं करतो, असं मीही धरून चालत होतो. पण इथल्या एका स्नेह्यांनी फोनवर सांगितलं, “आमच्याकडे घरकुलं मंजूर आहेत, पैसे यायला लागलेत, तरी घर होत नाही. एकदा येऊन पाहा.” ते पाहायलाच आलो.

हा रेल्वेफाटा 1870 साली सुरू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला स्वतः खामगावात आले होते. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि साहेबाची नजर वऱ्हाडावर पडली. खामगावचा कापूस बाजार तेव्हा हिंदुस्थानातल्या मोठ्या बाजारांत गणला जाई. तो कापूस मुंबई बंदरात लवकर पोचावा म्हणून मुख्य मार्गापासून थेट बाजारापर्यंत रूळ टाकले गेले. त्याच 1870 साली सार्वजनिक कामासाठी जमीन संपादन करण्याचा कायदाही देशात झाला. रुळांना, गोदामांना, जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांना जागा मिळाली. कापसाच्या मागोमाग आलेल्या हमाल, गाडीवान आणि मजुरांनी मात्र आपापली सोय पाहिली.

त्या कापसाच्या दुसऱ्या टोकालाही हेच घडलं. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या आणि कोकण-घाटावरचा माणूस एका खोलीत दहा-दहा जणांनी राहू लागला. 1920 च्या दशकात सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. त्यांच्या 207 इमारती आणि प्रत्येक कुटुंबाला 160 चौरस फुटांची खोली. त्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळायला सुरुवात झाली ती वरळीत, 2025 च्या ऑगस्टमध्ये. मधे शंभर वर्षं गेली.

खामगावच्या स्टेशनातून बाहेर पडलो आणि रिक्षाने फरशी या भागाकडे गेलो. 2011 च्या जनगणनेत खामगावची लोकसंख्या 94 हजारांच्या आसपास होती. 1905 पर्यंत हा तालुका अकोला जिल्ह्यात होता, मग बुलढाण्यात आला. आज बुलढाणा जिल्ह्यातलं हे सगळ्यात गजबजलेलं व्यापारी गाव. चांदीच्या शुद्धतेसाठी याचं नाव दूरवर घेतात, म्हणून याला रजतनगरी म्हणतात.

स्नेह्यांनी एका चांदी-कारागिराच्या बिऱ्हाडी नेलं. अरुंद बोळ, लोखंडी जिना आणि वर एकच खोली. गोदरेजच्या कपाटाने खोलीचे दोन भाग केलेले. कपाटाच्या अलीकडे आईवडील आणि धाकटी बहीण, पलीकडे नवं लग्न झालेला मुलगा आणि सून. स्वयंपाकाचा ओटा दोघींचा एकच. भाड्याचा करार तोंडी. लाईट बिल वेगळं. घरमालक “पोराचं लगन आहे” म्हणाला की खोली सोडायची. आतापर्यंत त्यांनी सहा खोल्या बदलल्या आहेत. “चांदी घासता घासता हात काळे होतात, पण ते धुतले की जातं,” ते कारागीर म्हणाले. “पोरीची शाळा दरवेळी लांब पडते, त्याचं काय करावं?”

ही खोली अपवाद नाही. शहरी घरांच्या तुटवड्याचा अंदाज काढायला केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने 2012 मध्ये देशात 1 कोटी 87.8 लाख शहरी घरं कमी आहेत असं सांगितलं. हा आकडा ऐकला की डोळ्यासमोर फुटपाथवर झोपलेली माणसं येतात. प्रत्यक्षात त्यातला जवळपास 80 टक्के तुटवडा दाटीचा होता, म्हणजे कपाटाच्या आडोशाने मांडलेल्या दुसऱ्या संसाराचा. आणि त्याच सुमारास, 2011 च्या जनगणनेत, देशातल्या शहरांत 1 कोटी 11 लाख घरं रिकामी आढळली होती. घरं बांधली जात होती, पण ज्यांना हवी होती त्यांच्या ऐपतीत आणि त्यांच्या कामाच्या जवळ नव्हती.

त्या रात्री स्नेह्यांच्या ओसरीवर भाकरी, मिरचीचा ठेचा आणि वांग्याची भाजी अशी पंगत बसली. जेवण उरकतं न उरकतं तोच त्यांच्या पुतण्याचा कॅनडातून व्हिडिओ कॉल आला. टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमध्ये तो शिकायला गेला आहे. एका घराच्या तळघरात पाच मुलं भाड्याने राहतात. खिडकी छताला लागून, हातभर लांबीची. “काका, इथं बारा तास काम केलं तरी अर्धा पगार खोलीत जातो,” तो सांगत होता. त्या देशात घरांची ओढाताण इतकी झाली की सरकारने 1 जानेवारी 2023 पासून परदेशी नागरिकांना घर विकत घ्यायला बंदी केली, आणि जानेवारी 2024 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणताना घरांवरचा ताण हेही एक कारण दिलं. खामगावातून निघालेला मुलगा जगातल्या एका श्रीमंत देशात पोचला, आणि तिथेही त्याच्या वाट्याला खोलीचा एक कोपराच आला. त्याची आजी फोनच्या पडद्यावरून हात फिरवत विचारत होती, “बाप्पा, ऊन तरी येते का रे तिथं?”

दुसऱ्या दिवशी घाटपुरी, सुटाळा, वाडी या बाजूंनी फिरलो. ही गावं आता खामगावला पार चिकटली आहेत. रस्त्याच्या अलीकडे नगरपरिषद आणि पलीकडे ग्रामपंचायत. पाहणाऱ्याला वस्ती एकच दिसते. शेतात दगड रोवून पाडलेले प्लॉट, त्यांच्यामधून वीस फुटांचे कच्चे रस्ते, कुठे पत्र्याची खोली, कुठे विटांचं अर्धं काम.

या प्लॉटांच्या मागे 1947 चा तुकडेबंदी कायदा उभा आहे. शेतीचे इतके बारीक तुकडे पडू नयेत की त्यावर कुटुंब जगणार नाही, या चांगल्या हेतूने तो झाला. पण गावं वाढली, मजुराला राहायला एक-दोन गुंठेच हवे होते आणि तेवढ्या शेतजमिनीची नोंदणी होत नव्हती. मग व्यवहार स्टॅम्पपेपरवर होऊ लागले. पैसे खरे, ताबा खरा, फक्त सातबारा दुसऱ्याच्या नावावर. 2001 मध्ये अशी वस्ती, म्हणजे गुंठेवारी, नियमित करण्याचा कायदा आला. 2021 च्या दुरुस्तीने तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटांना लागू झाला. 2025 मध्ये निवासी क्षेत्रातल्या जुन्या तुकड्यांसाठी तुकडेबंदीही शिथिल झाली. हे सगळं हवंच होतं. पण मधल्या काळात ज्यांनी आयुष्याची कमाई स्टॅम्पपेपरवर लावली, त्यांना बँकेने कर्ज दिलं नाही, कारण तारण ठेवायला कागद नव्हता. त्यांनी हातउसने घेतले किंवा खाजगी सावकार गाठला. गरिबाचं घर महाग होतं ते असं. वीट आणि सिमेंट सगळ्यांना एकाच भावाने मिळतं, पण कागद नसलेल्या माणसाला पैसा चढ्या व्याजाने मिळतो.

तिसऱ्या दिवशी पिंपळगाव राजाच्या वाटेवरच्या एका गावात गेलो. वऱ्हाडात गावाचे दोन भाग मानतात. शेतशिवार म्हणजे काळी आणि वस्ती म्हणजे पांढरी. वस्तीच्या पांढऱ्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या भिंती उभ्या केल्या. जाड भिंती, वर लाकडी सरे, त्यावर मातीचं धाबं. उन्हाळ्यात आत गारवा. पांढरी माती भिंतीला चांगली, काळी माती पिकाला चांगली, असा साधा हिशेब होता. या गावातली पांढरी कधीचीच भरली. गावठाणाची हद्द आजोबांच्या काळी आखलेली, आणि एका घराची चार घरं झालेली. जागा नाही म्हणून नवी वस्ती काळीत उतरली.

गावाच्या त्या कडेला, टिनाच्या खोलीसमोर एक मावशी तुरी पाखडत बसल्या होत्या. कुटुंबाचं नाव ‘ड’ यादीत आलं होतं. आवास प्लस सर्वेक्षणातून झालेल्या या यादीला अख्खा महाराष्ट्र ‘प्रपत्र ड’ म्हणून ओळखतो. नाव आलं तेव्हा घरात पेढे वाटले होते. “मंग सायेब म्हणे, जागा दाखवा,” मावशी सांगू लागल्या. “जागा तं सासऱ्याच्या नावावर. सासरे जाऊन बारा वर्सं झाली. चौघं भाऊ, दोघं सुरतेले. सह्या कुठून आणू, भाऊ?” वारसनोंदीसाठी त्या कोणत्या कार्यालयात किती वेळा गेल्या ते त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. एका हाताची बोटं पुरली नाहीत. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडाली.

यादीत नाव असूनही पैसा अडतो तो या ठिकाणी.

जिथे जागेचा कागद जुळला तिथे पैशाचं गणित सुरू होतं. 1985-86 मध्ये इंदिरा आवास योजना सुरू झाली. 2016 मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणने घेतली. सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये आणि घर किमान 25 चौरस मीटरचं. जोडीला रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार. 25 चौरस मीटर म्हणजे सुमारे 269 चौरस फूट. भागाकार केला तर फुटाला 446 रुपये पडतात. ही रक्कम 2016 मध्ये ठरली. त्यानंतर सिमेंट, लोखंड, मजुरी कुठच्या कुठे गेली. 2025 मध्ये राज्य सरकारने 50 हजारांची भर घातली. त्यातले 35 हजार बांधकामाला आणि 15 हजार छतावरच्या सौर यंत्रणेला. बांधकामाचे 35 हजार धरले तरी फुटाला 576 रुपये होतात. शहरी योजनेत केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये, किमान 30 चौरस मीटरला. तिथे फुटाला 774 रुपये. गावात घर बांधत असलेल्या एका मिस्त्रींना मी विचारलं, “कमीत कमी किती लागतात?” ते म्हणाले, “हजाराच्या आत कोणी गुत्तेदार हात लावत नाही.”

त्यांनी मला पायाचा खड्डा दाखवला. मला वाटलं विहीर खणताहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पाया घातला तर दोन पावसाळ्यांत भिंतीला तडे जातात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोल जावं लागतं. “कायी माती पायालेच अर्धे पैसे खाऊन टाकते,” मिस्त्री म्हणाले. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगीर असणाऱ्या काँक्रीटच्या खांबांचा पाया फार पूर्वीच विकसित केला आहे. त्यात खर्च वाचतो आणि तो मजबूतही असतो. पण या गावापर्यंत ते ज्ञान पोचलेलं नाही. कडक मुरमाडावरच्या घराला आणि या काळीतल्या घराला अनुदान मात्र एकच. ज्याला पांढरीत जागा नाही तो काळीत ढकलला जातो, आणि काळीत पाया घालायला त्यालाच जास्त खर्च येतो.

हप्ते कामाच्या टप्प्यांप्रमाणे येतात. जोत्यापर्यंत काम झालं की फोटो, त्याची जिओ टॅगिंगने नोंद, मग पुढचा हप्ता. ज्याच्याकडे जोतं बांधायलाच पैसे नाहीत त्याचं काम तिथेच थांबतं. गावात अशी अर्धवट राहिलेली तीन जोती मी पाहिली. एकावर कापसाची गाठोडी ठेवलेली, एकावर शेळी बांधलेली. 2025 च्या वाळू धोरणात घरकुलाला पाच ब्रास रेती मोफत दिली आहे. पण पूर्णा नदीतून ती रेती गावापर्यंत आणायचं भाडं लाभार्थ्यालाच द्यावं लागतं.

ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी राज्यात पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला मदत मिळते. ती 50 हजारांवरून 2024 मध्ये 1 लाखापर्यंत वाढवली. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा योजना आहेत. योजनांची कमतरता नाही. त्या सगळ्यांना जमीन लागते, आणि गावात नवी पांढरी कोणी तयार करत नाही.

परतताना काही वर्षांपूर्वी पाहिलेली इंदूरची ‘अरण्य’ वसाहत आठवत राहिली. बाळकृष्ण दोशींनी 1980 च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणासाठी ही वसाहत आखली. सुमारे 85 हेक्टरांवर साडेसहा हजार प्लॉट. सगळ्यात लहान 35 चौरस मीटरचा. गरिबाला पूर्ण घर द्यायला पैसे पुरणार नाहीत हे ओळखून त्यांनी आधी नावावरची जागा, जोतं, पाणी, संडास आणि न्हाणी दिली. पुढच्या खोल्या ज्याने त्याने कमाईप्रमाणे चढवल्या. 1995 मध्ये या कामाला आगाखान पुरस्कार मिळाला. गल्लीत फिरताना कुठे बाहेरचा जिना, कुठे वर काढलेली दुकानाची खोली, कुठे रंगीत कठडा दिसला. पंधरा-वीस वर्षांत लोकांनी ती घरं पुरी केली होती.

दक्षिण अमेरिकेतल्या चिलीमध्ये इकीके या गावी 2004 च्या सुमारास असंच झालं. तीस वर्षं अतिक्रमणात राहिलेली सुमारे शंभर कुटुंबं. प्रत्येकाला साडेसात हजार डॉलर अनुदान, आणि त्यातच जागाही बसवायची. वास्तुरचनाकार आलेहांद्रो अरावेना यांच्या चमूने स्वस्त जमिनीसाठी त्यांना गावाबाहेर पाठवलं नाही. मधोमध असलेली महाग जागाच घेतली आणि प्रत्येकाला अर्धं, पण भक्कम घर दिलं. शेजारी तेवढीच रिकामी जागा सोडली, ती कुटुंबांनी भरली. कामाजवळची जागा सुटली नाही म्हणून रोजगारही टिकला.

आधी जागा हातात घेण्याचं सूत्र व्हिएन्नाने पहिल्या महायुद्धानंतर शहरभर वापरलं. 1923 मध्ये घरबांधणीचा खास कर बसवला, श्रीमंतांकडून जास्त घेतला, आणि 1934 पर्यंत 60 हजारांहून अधिक घरं नगरपालिकेने बांधली. आज त्या शहराकडे स्वतःची सुमारे 2 लाख 20 हजार भाड्याची घरं आहेत, आणि शहराचा जमीन-निधी वस्तीसाठी आधीच जागा घेऊन ठेवतो. सिंगापूरने 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं, 1966 मध्ये जमीन संपादनाचा कडक कायदा केला. आज तिथले शंभरातले जवळपास ऐंशी रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. जमीन सरकारची, घर 99 वर्षांच्या पट्ट्यावर. प्रत्येक देशाने स्वतःच्या रीतीने केलं, पण सगळ्यांनी आधी जमीन हातात घेतली.

आपल्या मातीतलं उदाहरण सोलापूरजवळ कुंभारीत आहे. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे आणि कचरा वेचणारे कामगार यांनी माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सहकारी महासंघ उभारला. रे नगरची 30 हजार घरांची योजना त्यातून आली, आणि पहिल्या 15 हजार घरांचं वाटप 19 जानेवारी 2024 रोजी झालं. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईला स्वतःच्या घराची किल्ली मिळाली, कारण ती एकटी कार्यालयाच्या दारात उभी नव्हती. तिच्या मागे हजारो जणी होत्या.

खामगावहून निघताना स्टेशनवर पुन्हा त्या रुळांकडे पाहिलं. 1870 मध्ये कापसाची गाठ बंदरात वेळेवर पोचावी म्हणून राज्यकर्त्यांनी जमीन शोधली, कायदा केला आणि पैसा घातला. आज वस्तीसाठी त्या तिन्ही गोष्टी करता येतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतची जमीन निवासी वापरासाठी बिगरशेती धरण्याची सोय आहे. स्वामित्व योजनेतून 2020 पासून ड्रोनने गावठाणं मोजून मालमत्ता पत्रकं दिली जात आहेत. सरकारी जागेवरची 1 जानेवारी 2011 पूर्वीची निवासी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय 2018 मध्ये झाला आहे. हे सगळं कागदावर आहे. गावापर्यंत ते एकत्र आणणारं कोणी नाही.

ते काम ग्रामसभा करू शकते. तुमचं गाव खामगाव तालुक्यात असो की सिंधुदुर्गात, पुढच्या ग्रामसभेला जा. ‘ड’ यादी वाचून दाखवा म्हणा, आणि प्रत्येक नावापुढे जागा कोणाच्या नावावर आहे तेही वाचायला लावा. ज्यांची वारसनोंद अडली आहे त्यांच्यासाठी गावातच एक दिवस तलाठी आणि ग्रामपंचायत अधिकारी बसावेत असा ठराव करा. ज्यांना जागाच नाही त्यांच्यासाठी गावठाण वाढीचा प्रस्ताव त्याच बैठकीत लिहून घ्या. त्या मावशींच्या कुटुंबाचं नाव यादीत आहे. आता त्यांना नावावरची जागा हवी आहे, आणि ती मिळवून देणं गावाच्या हातात आहे.